घरच्यांची पंगत

ज्या खुर्चीत मला बसायचं होतं, तिची जाहिरात मीच लिहिली. इंग्रजीतली पुण्या-मुंबईसाठी, मराठीतली सांगली-साताऱ्यासाठी. 'कार्यकारी संचालक पाहिजे' आणि खाली पात्रता. पात्रता लिहिताना मी काही लबाडी केली नाही. फक्त 'या दोन जिल्ह्यांतल्या लहान संस्थांच्या कामाची प्रत्यक्ष ओळख' ही ओळ लिहिताना मनातल्या मनात हसले, एवढंच. छापून आल्यावर नवरा म्हणाला, "यात तुझा फोटो तेवढा घालायचा राहिला."

पुढचं मी कडवटपणे सांगणार आहे, हे आधीच बोलून ठेवते. ज्यांना गोड लागतं त्यांनी गूळ खावा. सांगलीत त्याला तोटा नाही.

आमची संस्था म्हणजे एका अडत्या घराण्याने काढलेला धर्मादाय ट्रस्ट. हळद आणि गुळाच्या अडतीवर मोठं झालेलं घर. ऑफिस पेठेतच, त्यांच्या गाळ्यावरच्या मजल्यावर. हंगामात खालून हळदीची धूळ वर यायची आणि कागद, पडदे, कपातला चहा, सगळ्यावर पिवळी झाक धरायची. माझी एकही ओढणी तिथे पांढरी राहिली नाही. आम्ही स्वतः शाळा चालवत नव्हतो, दवाखाना चालवत नव्हतो. जे चालवतात त्यांना अनुदान द्यायचो. कुठे मूकबधिर मुलांचं वसतिगृह, कुठे ऊसतोडीला आलेल्या बायकांच्या पोरांसाठी पाळणाघर, कुठे वाईकडचं एखादं चिकाटीने चाललेलं वाचनालय. अर्ज यायचे, मी वाचायचे आणि मग एसटी पकडून बघायला जायचे.

बघायला जायची माझी एक पद्धत होती. न कळवता आणि जेवणाच्या वेळेला. अर्ज चांगला लिहिणारे आणि काम चांगलं करणारे एकच असतात असं नाही, हे मला लवकर कळलं होतं. अर्ज वाचून जे कळत नाही ते पंगत बघून कळतं. मुलं आधी जेवतात की पाहुणे? ताटात गरम पडतं की उरलेलं? स्वयंपाकाच्या बाई कुठे बसतात, कधी बसतात, बसतात तरी का? मी दारात उभी राहून हे बघायचे आणि मग अनुदान द्यावं की नाही हे माझ्यापुरतं ठरलेलं असायचं. थोरले काका, म्हणजे ट्रस्ट ज्यांनी काढला ते, मला म्हणायचे, "तू अन्नपूर्णेची हेर आहेस." त्यांनीच मला नोकरीला ठेवलं होतं. त्यांच्यामागे त्यांचे धाकटे भाऊ अध्यक्ष झाले. त्यांनाही आम्ही काकाच म्हणायचो.

आमच्याकडे सगळ्यांना नाती चिकटवलेली होती. अध्यक्ष काका, शिपाई मामा, मी ताई. विश्वस्तांत एक निवृत्त प्राचार्य होते, ते तेवढे सर. माझं पद कागदावर 'कार्यक्रम अधिकारी' असं होतं, पण ते कागदावरच. काकांच्या सुनेचं डोहाळजेवण असो की नातवाची मुंज, ताई हव्यातच. महापूर आला तेव्हा गाळ्यात पाणी शिरून कार्यालयाचा जिना बुडाला म्हणून काकांच्याच घरच्या माडीवरून आम्ही मदतीचं काम चालवलं आणि मी तिथेच राहिले, काकूंच्या साड्या नेसले. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? नोकरीच्या ठिकाणी कुणी आपल्याला नात्याने हाक मारतं यात सुख असतं. त्या सुखाचं बिल उशिरा येतं.

मग शिरवळला हायवेलगत असलेली घराण्याची जमीन एका कंपनीला गेली आणि त्यातला मोठा वाटा काकांनी ट्रस्टला दिला. दिला हे खरं आहे, आणि मनापासून दिला. देण्यात त्या घराने कधी हात आखडला नाही. आता ट्रस्ट एवढा मोठा झाला की अध्यक्षाने अडत सांभाळून तो बघणं शक्य नव्हतं. पूर्ण वेळ माणूस हवा, त्याला अधिकार हवेत, असं ठरलं. 'कार्यकारी संचालक' हा शब्द आमच्या कार्यालयात पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. निदान मला तसं वाटलं.

जाहिरात निघाली त्याच आठवड्यात मी माझा अर्ज घेऊन खाली गाळ्यात गेले. काका गादीवर बसले होते, समोर हळकुंडांचे नमुने मांडलेले. एक हळकुंड मोडून त्यांनी रंग बघितला, बाजूला ठेवलं आणि माझ्या हातातलं पाकीट घेतलं.

"हे काय गं?"

"अर्ज आहे काका. संचालकाच्या जागेसाठी."

ते मोठ्याने हसले. गाळ्यातले हमालसुद्धा वळून बघायला लागले. "आगं ताई, तू घरचीच की! घरच्या माणसानं कुठं अर्ज करायचा असतोय?" आणि त्यांनी ते पाकीट न उघडता माझ्या हातात परत ठेवलं, वर माझी मूठही मिटली, भाऊबिजेला ओवाळणी देतात तशी. चहा मागवला. भडंग मागवलं. पेठेतल्या दोन व्यापाऱ्यांना सांगितलं, "ही आमची ताई. ट्रस्ट हिच्या जिवावर चाललाय."

मी जिना चढून वर आले ती संचालक होऊनच. संध्याकाळी नवऱ्याने आइस्क्रीम आणलं. जो माणूस 'घरचीच की' म्हणतो, अर्ज नको म्हणतो, चारचौघांत आपलं नाव घेतो, त्याचा अर्थ आणखी काय लावायचा?

अर्थ माझ्या आईने लावला. त्या रविवारी मी तासगावजवळच्या माझ्या माहेरी गेले होते. बेदाण्याचे दिवस होते आणि आई शेडमध्ये बायकांबरोबर बेदाणा निवडत बसली होती. मी तिच्याजवळ बसले, चार दाणे तोंडात टाकले आणि सगळं सांगितलं. काका कसे हसले, पाकीट कसं परत दिलं, काय म्हणाले.

आईचा हात थांबला नाही. "घरचीच म्हनलं व्हय?"

"हो. घरचीच."

"मग पदर खोच आन् वाढाय लाग."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? घरची मान्सं कवा जेवत्यात? समदी उठल्यावर. जिलबी ऱ्हायली आसंल तर जिलबी, न्हाई तर भात-आमटी. आन् मग भांडी हायतीच."

शेजारच्या बायका हसल्या. मला इतका राग आला की काय सांगू. मी म्हटलं, "आई, हे काय वाडीतलं लग्न आहे? ट्रस्ट आहे तो. त्याला घटना आहे, नियम आहेत."

"व्हय बाई, तुमचं लय मोठं. मला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून तिने माझ्या पर्समध्ये मूठभर बेदाणा ओतला. पर्समध्ये, पिशवीत नाही. कागदपत्रं चिकट झाली म्हणून मी घरी येईपर्यंत चिडचिड करत होते. ती चिडचिड बेदाण्यांवरची नव्हती, हे आता कळतं.

नियमांच्या गोष्टी मी आईला सांगितल्या खऱ्या, पण मुलाखतीचा दिवस जवळ आला तरी माझी वेळ कुणी सांगेना. उमेदवारांच्या वेळा मीच कळवत होते, त्यांच्या राहण्याची सोय मीच बघत होते. शेवटी मी काकांना विचारलं, "काका, माझं कधी?"

"तुझं बघू की गं शेवटी. वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतंय." आणि पुन्हा तेच हसू. मीही हसले. सांगली-साताऱ्यात ही म्हण माहीत नाही असा माणूस नसेल, आणि लहानपणापासून ती ऐकताना मी स्वतःला नेहमी पंगतीला बसलेल्या माणसाच्या जागी धरत आले होते. वाढपी कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मुलाखती झाल्या त्या दिवशी मी इरकल नेसले होते. पदर खोचायचा नाही असं ठरवूनच घराबाहेर पडले. पण स्टेशनवर उमेदवारांना घ्यायला गाडी पाठवायची होती, प्रोजेक्टर चालत नव्हता, खानावळीतून जेवण यायचं होतं. अकरा वाजेपर्यंत पदर खोचलेला होता.

विश्वस्तांनी विचारायचे प्रश्नही मीच काढून दिले होते. त्यामुळे उत्तरंही माझ्याजवळ तयार होती, पेपर फुटलेल्या विद्यार्थ्यासारखी. बाहेरच्या बाकावर बसून मी आतले आवाज ऐकत होते. 'दोन संस्था सारख्याच गरजू असतील आणि एकीलाच देणं शक्य असेल तर कसं ठरवाल?' हा माझा लाडका प्रश्न. मुंबईहून आलेल्या एका हुशार मुलीने त्यावर तक्ता काढून दाखवला. सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी समिती नेमू म्हणून सांगितलं. फौजेतून निवृत्त झालेले एक अधिकारी, मूळचे साताऱ्याकडचे, म्हणाले, "आधी दोन्ही ठिकाणी जाऊन येईन, मग सांगेन." हे ऐकून मला बरं वाटलं. माणूस बरा आहे, आपल्या हाताखाली नाही पण सल्लागार म्हणून घेता येईल, असाही विचार मी तिथे बसल्या बसल्या करून टाकला. केवढा हा दिमाख!

दुपारी विश्वस्त आणि उमेदवार जेवले. मी वाढलं. खानावळीचा एक माणूस आला नव्हता, म्हणून. बासुंदी सगळ्यांना आवडली. मी आणि शिपाईमामा बसलो तेव्हा ती संपली होती. मी भांड्याच्या तळाची डावाने खरवडून मामांच्या वाटीत घातली आणि उरलेली माझ्या. मला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात आईचे शब्दही आले नाहीत. मी आनंदात होते.

शेवटचा उमेदवार गेला. दार उघडलं आणि सर म्हणाले, "ताई, आत या."

मी पदर सोडला, निऱ्या सारख्या केल्या, आत गेले आणि टेबलाच्या या बाजूला, उमेदवाराच्या खुर्चीत बसले. मग सर म्हणाले, "अहो, तिथे कशाला? इकडे बसा, आमच्याकडे." मी उठून त्यांच्या ओळीत जाऊन बसले. मला वाटलं, हाच तो मान.

"तुम्ही सगळ्यांना बघितलंत," सर म्हणाले. "आम्ही तासभर बघितलं, तुम्ही सकाळपासून बघताय. तुमचं काय मत? कोण बरं वाटतंय?"

मी काकांकडे बघितलं. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते, अगदी मनापासून.

"आणि माझी मुलाखत?"

हे वाक्य मी फार हळू म्हणाले असणार, कारण काकांनी कानामागे हात धरला. मला ते पुन्हा म्हणावं लागलं. आयुष्यात एखादं वाक्य दोनदा म्हणावं लागू नये, ते हे.

"तुझी?" काकांना खरोखरच आश्चर्य वाटलं. ढोंग असतं तर मी ओळखलं असतं, ढोंग ओळखण्याचीच तर माझी नोकरी होती. "आगं, तू घरचीच की. तू कुठं जाणारायस? तू आहेसच. नव्या माणसाला सगळं दाखवायला, शिकवायला तू आहेस, म्हणून तर आम्ही बिनघोर बाहेरचा माणूस घ्यायलोय."

सरांनी मला समजवण्याचा प्रयत्न केला. ते भले गृहस्थ. म्हणाले, "ताई, पिकतं तिथं विकत नाही बघा. कंपन्यांशी बोलायचं, मुंबईला जायचं. बाहेरच्या माणसाचं वजन पडतं." कुणाचं सांत्वन करायला ही म्हण वापरलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. पेठेच्या मधोमध बसून, खाली हळद पिकवणारे आपल्या हळदीचा भाव ऐकायला उभे असताना, हे मला सांगितलं गेलं.

मी फौजेतल्या अधिकाऱ्यांचं नाव सांगितलं. काय करणार? त्यातल्या त्यात तेच बरे होते, आणि विचारलं तर खरं सांगायची मला सवय.

"आमचंही तेच!" काका म्हणाले. "झालं मग. मामा, पेढे आणा."

अशी मी माझी खुर्ची माझ्याच तोंडाने देऊन टाकली आणि वर पेढा खाल्ला. पेढा चांगला होता.

नवे संचालक रुजू झाले आणि कार्यालयाला पहिल्यांदाच एक 'साहेब' मिळाला. त्यांना कुणी काका म्हटलं नाही, दादा म्हटलं नाही. नातं नव्हतं म्हणून त्यांना पद होतं. पदाला दार असलेली खोली होती, खोलीला एसी होता, आणि पगार पुण्याच्या मापाने होता. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. वेळेवर यायचे, कुणाला अपमानकारक बोलायचे नाहीत, हिशेबात चोख. मी त्यांना दोन्ही जिल्हे दाखवले. मी सांगायचे, ते लिहून घ्यायचे. त्यांनी फक्त एक केलं. पाहणीला जायच्या आठ दिवस आधी संस्थेला कळवायची पद्धत घातली. मग आम्ही जाऊ तिथे भिंतींना चुन्याचा ओला वास यायला लागला, पोरं उन्हात रांगेत उभी राहून स्वागतगीत म्हणायला लागली आणि जेवायला शिरा असायला लागला. मी म्हटलं, साहेब, न कळवता जाऊ, जेवणाच्या वेळी जाऊ. ते म्हणाले, "ताई, माणूस जेवत असताना त्याला बघत उभं राहू नये. बरं नव्हे ते." हेही चुकीचं नव्हतं. माझ्या पद्धतीबद्दल असं मला कुणी म्हटलं नव्हतं. पण त्यानंतर कुठली पंगत खरी आणि कुठली आमच्यासाठी मांडलेली, हे मला सांगता येईना.

एकदा आम्ही पुण्याहून गाडीने परत येत होतो. शिरवळला चहाला थांबलो. कधीकाळी घराण्याची होती त्या जमिनीवर आता कंपनीची निळी पत्र्याची शेड उभी होती, ती समोर दिसत होती. साहेब कप हातात धरून म्हणाले, "ताई, एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही अर्ज का केला नाहीत?"

मी माझा कप खाली ठेवला.

"मी रुजू होताना विचारलं होतं," ते म्हणाले. "आत एवढा अनुभवी माणूस असताना मला का घेता, म्हणून. मला सांगितलं, ताईंना जबाबदारी नको आहे. घर-संसार आहे त्यांना, अर्जच केला नाही त्यांनी."

बघा, पहिलं सोडलं तर यात एकही वाक्य खोटं नाही. अर्ज नव्हताच. संसार होताच. 'घरची' या शब्दातलं घर कुणाचं, एवढंच फक्त बदललं होतं. आत होते तोवर मी त्यांच्या घरची होते, आणि कारण द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या घरची झाले. मी साहेबांना खरं काय ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते "सॉरी" म्हणाले, फौजी माणसाला ते सोपं गेलं नसावं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मला दुसऱ्याच माणसाकडून ते ऐकायचं होतं.

मी राजीनामा दिला तेव्हा काका हळदीसारखे पिवळे पडले. "घरचं माणूस असं सोडून जातंय व्हय गं?" म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अगदी खरं पाणी. मला त्याचाच सगळ्यांत जास्त राग आला. लबाड माणसाशी भांडता येतं. या माणसाने मला लुबाडलं होतं आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं, माझ्यावर त्याची माया होती आणि ती मायाच आडवी आली होती. मी म्हटलं, "काका, लेकी सासरी जातातच की." ते यावर हसले, रुमालाने डोळे पुसले आणि काकूंना सांगून मला खण-नारळ दिला. म्हणजे माझं भांडणसुद्धा त्यांनी समारंभात घालून टाकलं.

मी साताऱ्याला आले. नवऱ्याची बदली करून घेतली. इथे एका कंपनीच्या सामाजिक कामाच्या विभागाची मी प्रमुख आहे. इथे मला सगळे मॅडम म्हणतात. कुणाच्या मुंजीला बोलावत नाहीत, डोहाळजेवणाला बोलावत नाहीत. बरं आहे.

आई गेली त्याला आता काही वर्षं झाली. तिला मी कधी सांगितलं नाही की तू म्हणालीस तसंच झालं. तिनेही कधी विचारलं नाही. फक्त मी साताऱ्याला गेल्यावर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा तिने मला आधी वाढलं आणि स्वतः समोर ताट घेऊन बसली, माझ्याबरोबर. आमच्या घरात बायकांनी असं बसायची रीत नव्हती.

गेल्या वर्षी काकांचा फोन आला. साहेबांची मुदत संपून ते त्यांच्या गावी गेले होते. नवा संचालक निवडायचा होता आणि निवड समितीवर बाहेरचा एक तज्ज्ञ असावा असा आता नियम होता. "तुम्ही याल का?" काकांनी विचारलं. तुम्ही! आयुष्यात पहिल्यांदा.

गाडी साताऱ्याला माझ्या दारात आली. पेठेत उतरले तर काका स्वतः खाली उभे, हातात काठी आलेली. शाल झाली, नारळ झाला. मुलाखती दुपारनंतर होत्या, आधी जेवणं. मला पहिल्या पंगतीत, अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसवलं. "घ्या मॅडम, घ्या, बासुंदी घ्या, तुम्हाला आवडते मला माहीत आहे," काका आग्रह करत होते. इतकी वर्षं त्यांच्या घरी जेवले, आग्रह असा कधी झाला नव्हता. मला काय आवडतं हे त्यांना माहीत होतं, हेही मला त्या दिवशी कळलं.

वाढत होती ती माझ्या जागी आलेली बाई. चाळिशीची असेल. पदर खोचलेला. साहेब गेल्यापासून ट्रस्ट तीच बघते, हे मला गाडीतच ड्रायव्हरने सांगितलं होतं. तिने पाठवलेली उमेदवारांची माहिती मी वाचून आले होते, नेटकी, स्वच्छ, कुठेही पाल्हाळ नाही. तिच्या कामाबद्दल वेगळं काही विचारायची गरज नव्हती.

"यांची मुलाखत कितव्या नंबरला?" मी काकांना विचारलं, ती ऐकेल अशा आवाजात.

"हिची?" काका हसले. तेच हसू, थोडं थकलेलं. "अहो मॅडम, ती घरचीच."

मी काकांकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं. बासुंदीचं भांडं धरलेल्या त्या बाईचा चेहरा उजळला होता. तो उजेड मला चांगला ओळखीचा होता.

मी ताटावरून हात उचलला. "मग घरच्या माणसाला माझ्याशेजारी बसवा. आत्ता, याच पंगतीत."

"बसा की ताई, बसा," सरही म्हणाले, आणि कुणीतरी खुर्ची ओढली.

"नको, नको!" तीच गडबडली. "तुम्ही बसा निवांत. मी काय, घरचीच आहे. मी मागनं बसते." आणि माझी वाटी अर्धी भरलेली असताना तिने वर आणखी एक डाव बासुंदी घातली.

जेवणं झाली. मी हात धुवायला मागे गेले तेव्हा ती टॉवेल घेऊन आली. मी दार लोटलं आणि तिला सांगितलं, "अर्ज लिहा. आत्ता, हाताने, कशाच्याही पाठीमागे लिहा. समितीवर मी आहे. मी तो टेबलावर ठेवल्याशिवाय एकही मुलाखत सुरू होऊ देणार नाही. 'घरची' म्हणजे काय ते मला विचारा."

ती हसली. माझी कीव आल्यासारखी, पण प्रेमाने. "मॅडम, मला माहीत आहे तुमचं. काकांनी सांगितलंय. तुम्हाला जबाबदारी नको होती. सगळ्यांना झेपतंच असं नाही, त्यात कमीपणा काय?" मग माझा हात दाबून ती हळूच म्हणाली, "मला हवी आहे. आणि काका मला अर्ज नको म्हणालेत."

माझ्या हातातला टॉवेल घेऊन ती आत गेली. विश्वस्त जमले होते, आतून माझ्या नावाने हाक येत होती, मॅडम, मॅडम. मी तिथेच उभी राहिले. स्वयंपाकघरात ती आणि मामा जेवायला बसत होते, आणि डावाने भांड्याचा तळ खरवडल्याचा आवाज आला.